अंगणात उभा करायचा बिडाचा जुना दिव्याचा खांब : वेल्डिंग, रंग, पाया आणि वायरिंगबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी.

वाईतील आमच्या घराच्या मागच्या अंगणात गेली पस्तीस वर्षे रस्त्यावरच्या दिव्याचा एक जुना खांब आडवा पडून आहे. माझे सासरे मुंबईत नोकरीला असताना त्यांनी तो एका भंगार व्यापाऱ्याकडून रीतसर पावती घेऊन विकत आणला होता आणि निवृत्तीनंतर तुळशीवृंदावनाशेजारी उभा करण्याचा त्यांचा विचार होता. तो राहून गेला. आता त्यांचे वय ब्याऐंशी आहे आणि दर दिवाळीला ते खांबाची चौकशी करतात, म्हणून यंदा हे काम तडीस न्यायचे ठरवले आहे.

खांबाची एकूण लांबी ११ फूट भरते. त्यांपैकी खालचा २ फुटांचा भाग नक्षी नसलेला, ओबडधोबड आणि किंचित फुगीर असून तो जमिनीत गाडण्यासाठी असावा असे वाटते. बुंध्याशी एक लहान लोखंडी झडप आहे आणि तिच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वर गेलेली साधारण चार बोटे लांबीची चीर दिसते. माथ्याखाली दोन्ही बाजूंना आडवे दांडे होते, त्यांतला एक मुळापासून तुटला आहे, पण तुकडा जपून ठेवलेला आहे. खांबाच्या पोकळीतून अर्ध्या इंची लोखंडी नळी वरपर्यंत जाते. वरचा कंदील तांब्याच्या पत्र्याचा, चार काचांचा आहे. दोन काचा गेल्या आहेत. रंगाचे थर किती आहेत ते मोजता येत नाही, सर्वांत वर चंदेरी आहे.

गावातल्या फॅब्रिकेटरने सुचवलेला मार्ग असा, की खालचा २ फुटांचा भाग कापून टाकावा, त्याजागी चौकोनी प्लेट वेल्ड करून बोल्टवर खांब उभा करावा, तुटलेला दांडा साध्या रॉडने जोडून द्यावा, नंतर सगळ्याचे सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने रंग उडवणे) करून पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भट्टीत तापवून बसवणे) करावे. त्याने सांगितलेली रक्कम आम्हाला परवडणारी आहे, परंतु एकदा कापलेले पुन्हा जोडता येणार नाही या विचाराने मी थांबले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. वीजजोडणी कशी असावी, हेही सांगावे. घरात दोन लहान मुले आहेत.

ओतकामवाला

ताई, थांबलात हे फार बरे केलेत. मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत सव्वीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे खांबाच्या धातूबद्दल बोलतो. विजेचे विजेवाल्यांनी सांगावे.

आपला खांब साध्या लोखंडाचा नसून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आहे, आणि फॅब्रिकेटरच्या योजनेतली प्रत्येक पायरी तो साध्या लोखंडाचा आहे असे गृहीत धरून आखलेली आहे. खात्री करायची असल्यास गाडल्या जाणाऱ्या भागावर, जिथे दिसणार नाही अशा ठिकाणी, ग्राइंडर हलकेच टेकवून पाहावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पांढुरक्या आणि फुटणाऱ्या असतात. बिडाच्या आखूड आणि तांबूस निघतात आणि हातभर जाण्याआधीच विझतात. बिडात कार्बन साधारण ३ ते ४ टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटातल्या आधीच्याच बारीक चिरा समजा. दाबाखाली बीड पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते, पण ओढले, वाकवले किंवा एकाच जागी झपाट्याने तापवले की तडकते.

साध्या रॉडने वेल्डिंग केले की नेमके तेच होते. वेल्डलगतची एक पट्टी काचेसारखी कडक होते, आणि जोड थंड होऊन आकसू लागला की ती पट्टी सुटते. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका फाटकाच्या बिडाच्या खांबाला असा जोड दिला होता. संध्याकाळी जोड सुरेख दिसत होता. सकाळी चहा घेत असताना भांड्यावर चमचा मारावा तसा ‘टण्’ आवाज आला आणि वेल्डच्या शेजारून, वेल्डला अजिबात धक्का न लावता, नवी चीर गेलेली होती. वेल्ड मात्र शाबूत होता, त्यामुळे मालक मला काही बोलूही शकले नाहीत.

म्हणून खालचा भाग कापू नये आणि बिडाला पोलादी प्लेट तर मुळीच वेल्ड करू नये. वाऱ्याचा सगळा जोर त्या एकाच सांध्यावर येणार आहे. गाडण्याचा भाग खांबाबरोबरच ओतलेला असतो, तेच त्याचे मूळ, आणि ते वापरणे हाच सरळ मार्ग आहे.

झडपेजवळच्या चिरेचा शेवट आधी शोधावा लागेल, कारण डोळ्यांना दिसते तिथे चीर संपत नसते. त्या जागेचा रंग काढून रॉकेल किंवा डिझेल लावावे, पाच-दहा मिनिटांनी कोरडे पुसून वर खडूची पूड भुरभुरावी. चिरेत शिरलेले तेल पुडीत पाझरते आणि केसाएवढी काळसर रेघ उमटते. रेघेच्या टोकाला ४ मिलिमीटरचे भोक पाडले की चीर पुढे सरकत नाही. एवढ्या लहान चिरेला मी उष्णता न देता आतून पोलादी पट्टी आणि स्क्रू, बाहेरून धातुमिश्रित इपॉक्सी, इतकेच करीन. चीर लांब निघाली, तर मेटल स्टिचिंग करणारे कारागीर गाठावेत. ते चिरेवर आडवी भोके पाडून त्यांत धातूच्या कड्या ठोकून बसवतात आणि भट्टीची गरज पडत नाही.

तुटलेल्या दांड्यासाठी पितळेचा डाख उत्तम, कारण त्यात बीड वितळवावे लागत नाही. तोही सगळा भाग हळूहळू तापवून द्यावा आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून रात्रभर निवू द्यावा. तुकडा हरवला असता, तर दुसऱ्या दांड्यावरून नवा ओतून घेता आला असता. मात्र बीड थंड होताना लांबीत साधारण १ टक्का आकसते, म्हणून मूळ वस्तूच साचा म्हणून वापरली की नवा नग शंभरास एक या हिशेबाने लहान निघतो. कोणी कुंपणाचे भाले किंवा जिन्याचे कठडे ओतून घेणार असेल, तर हे आधी पॅटर्नवाल्याशी, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याशी, बोलून घ्यावे. माप चुकल्यावर फाउंड्रीला दोष देऊन उपयोग नसतो.

आता तुमच्या खांबाच्या जन्माविषयी. आतली अर्ध्या इंची नळी ही गॅसची नळी आहे. रॉकेलच्या दिव्याला अशी नळी लागत नसे. मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले, आणि ते दांडे दिवे लावणाऱ्याची शिडी टेकवण्यासाठी असत. तेव्हा दांडा जोडला, तरी त्याला फुलांची जड कुंडी टांगू नये. शिडीचा भार त्यावर खालून टेकून येत असे, टांगता भार ही निराळी गोष्ट आहे. बुंध्याच्या कड्यावर रंगाखाली अक्षरे आहेत का ते पाहा. त्या काळी ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफर्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीसारखे कारखाने छापील कॅटलॉगवरून जगभर असले ओतकाम पाठवत आणि बुंध्याजवळ आपले नाव ओतून ठेवत.

रंगारी बुवा

ओतकामवाल्यांशी सहमत. रंगाबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ताईंच्या घरात लहान मुले आहेत.

चंदेरी थराखाली बहुधा हिरवे, तपकिरी, काळे असे थर निघतील आणि सर्वांत तळाशी शेंदरी. हा शेंदरी थर म्हणजे खरोखरच शेंदूर, अर्थात शिशाचा ऑक्साइड, जवसाच्या तेलात खललेला. लोखंड गंजू नये म्हणून पूर्वी तोच पहिला हात असे. मधल्या थरांतही शिसे असण्याची दाट शक्यता आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला आणि तुमचा खांब त्याच्या कितीतरी आधीचा आहे. अंगणात सँडब्लास्टिंग केले, तर हे सगळे शिसे धुळीच्या रूपाने तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि मुलांच्या हातांवर बसेल. बर्नरने रंग जाळणे त्याहून वाईट, कारण तेव्हा ते वाफेतून थेट फुप्फुसात जाते.

म्हणून खाली जाड प्लॅस्टिक अंथरून, जेलसारखे पेंट रिमूव्हर लावून, ओल्या अवस्थेतच रंग खरवडावा. हे काम वेळखाऊ आणि कंटाळवाणे आहे; ११ फुटांच्या नक्षीदार खांबाला दोन माणसांचे चार-पाच दिवस सहज लागतील. खोबणींसाठी पितळी तारेचा ब्रश आणि बांबूच्या कामट्या वापराव्यात. तोंडावर कापडी रुमाल चालणार नाही, गाळणीच्या डब्या असलेला, पी-१०० दर्जाचा मास्क हवा. खरवड डब्यात भरून झाकण लावावे, कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि मुलांना त्या दिवसांत मामाकडे पाठवावे, म्हणजे सगळेच सुखी.

सगळा रंग काढण्यापूर्वी एक गोष्ट जरूर करा. आडोशाच्या जागी रुपयाएवढा भाग बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने ओला ठेवून तिरका घासत न्या. झाडाच्या खोडातली वर्तुळे दिसावीत तसे रंगाचे सगळे थर एकात एक दिसू लागतात. शेंदरीच्या लगेच वरचा थर हा खांबाचा पहिला रंग. त्याचा फोटो दिवसाउजेडी काढून ठेवा आणि तोच रंग मिसळून घ्या. जुना खांब म्हटला की सरसकट काळा आणि त्यावर सोनेरी बोटे ओढण्याची जी रीत हॉटेलवाल्यांनी पाडली आहे, ती मला व्यक्तिशः पटत नाही.

उघडे पडलेले बीड दमट हवेत काही तासांत तांबूस होते. म्हणून जेवढे साफ कराल तेवढे थिनरने पुसून त्याच दिवशी प्रायमरखाली गेले पाहिजे, आणि पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नये. झिंक फॉस्फेटच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर पॉलियुरेथेनचे दोन, हे मला सर्वांत टिकाऊ वाटते. इपॉक्सी उन्हात भुरभुरते, म्हणून वरचा थर टाळू नये. पावडर कोटिंगला १८० ते २०० अंशांची भट्टी लागते आणि बिडाच्या छिद्रांत अडकलेली हवा त्या उष्णतेत बाहेर येताना कोटिंगला फोड आणते, तेव्हा तो विचार सोडावा.

कंदिलात जुन्या मॅन्टलचे, म्हणजे गॅसच्या ज्योतीवरच्या जाळीदार पिशवीचे, पांढरे अवशेष असतील, तर ते ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्या, फुंकर मारू नका. जुन्या मॅन्टलमध्ये थोरियम असते; ते अगदी अल्प किरणोत्सारी असले, तरी श्वासातून जाऊ नये हे बरे.

कृष्णाकाठची

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फॅब्रिकेटरला तूर्त नको म्हणून कळवले आहे. खडूची परीक्षा आजच केली: चीर दिसत होती त्यापेक्षा जवळपास दीड इंच पुढे गेलेली निघाली.

आता पायाबद्दल विचारते. आमच्या अंगणात अडीच फूट काळी माती आहे आणि त्याखाली मुरूम लागतो. खड्डा खणून खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडावा का?

मुरूमखोदे

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर दरवर्षी वरखाली होतो आणि चार-पाच वर्षांत खांब कलतो. तुमचा मुरूम अडीच फुटांवर आहे हे उत्तमच, कारण ३ फूट खणले की पाया मुरमावर टेकेल.

आकाराचा अंदाज हवेत काढण्यापेक्षा हिशेब करून पाहू. भारतीय मानकाच्या नकाशात वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईला ४४ मीटर धरलेला आहे. आपण सावधपणे ४४ धरू. त्या वेगाला दाब चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोच्या आसपास येतो. कंदील आणि खांब यांचे वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ आणि आकार लक्षात घेता एकूण आडवा रेटा ७५ ते ८० किलोंचा होतो आणि पायाच्या तळाशी उलथवणारी शक्ती साधारण २४५ किलो-मीटर (किलोतला जोर गुणिले मीटरमधले अंतर) भरते. अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ३ फूट खोल काँक्रीटचा ठोकळा जवळपास १२०० किलोंचा होतो. त्यात खांबाचे दीडशे-दोनशे किलो धरले, तर केवळ वजनाच्या जोरावर तो सुमारे ५३० किलो-मीटर पेलतो. म्हणजे मातीचा आधार जमेस न धरताही दुपटीहून अधिक सुरक्षितता मिळते. यापेक्षा मोठा पाया करणे म्हणजे सिमेंट वाया घालवणे आहे.

खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडावा की नाही, यावर मतभेद आहेत. मी गाडणार नाही. ठोकळा ओततानाच मध्यभागी १२ इंची सिमेंटचा पाइप उभा ठेवावा, काँक्रीटवर किमान चौदा दिवस पाणी मारावे, मग खांबाचे मूळ त्या पाइपात उतरवून ओळंब्याने सरळ करावे आणि भोवतालच्या फटीत कोरडी जाड वाळू थराथराने ठासावी. सर्वांत वरचे २ इंच डांबराने बंद करून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. पुढे खांब काढायची वेळ आली, तर वाळू उपसली की तो मोकळा होतो. पाइपाच्या तळाशी पाणी साचू नये म्हणून एक भोक मुरमापर्यंत काढावे आणि केबलसाठी दीड इंची पीव्हीसीचा बेंड ओतण्यापूर्वीच बसवावा. हा बेंड विसरण्याची चूक मी दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा नवे काँक्रीट फोडावे लागले.

खांब उभा करताना साखळी लावू नये. कापडी पट्ट्यांचे पट्टे, तिपाई आणि चेन पुली वापरावी. कंदील आधी उतरवून ठेवावा. बिडाचा खांब हातभर उंचीवरून दगडावर आपटला, तरी दोन तुकडे होऊ शकतात.

ओतकामवाला

वाळूच्या पद्धतीला माझी हरकत नाही, फक्त वाळू नदीची आणि धुतलेली असावी. खाडीची खारी वाळू बिडाला खाते.

तारमार्ग

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. अंगणातला धातूचा खांब हा घरातल्या फ्रिजपेक्षा अधिक धोक्याचा असतो, कारण तो ओल्या मातीत उभा असतो आणि त्याला हात लावणारी मुले अनवाणी असतात. आत कुठे वायरचे आवरण सोलले, तर संपूर्ण खांबात वीज उतरते.

यावर दोन उपाय आहेत आणि ते एकमेकांऐवजी नसून दोन्ही हवेत. पहिला, खांबाच्या आत झडपेजवळ पितळी बोल्टने पक्की अर्थिंगची जोडणी, जी केबलच्या तिसऱ्या वायरने घराच्या अर्थिंगपर्यंत जाईल. बोल्टखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडवावा, रंगावर घट्ट केलेले अर्थिंग फक्त दिसायला असते. दुसरा, या सर्किटपुरता वेगळा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे. काही जण ‘आरसीसीबी आहे, मग अर्थिंग कशाला’ असे म्हणतात. अर्थिंग असेल, तर गळती होताक्षणी तो पडतो; नसेल, तर कोणी खांबाला हात लावेपर्यंत वाट पाहतो.

घरापासून खांबापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तीन-कोअर तांब्याची आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल टाकावी, खाली-वर वाळू आणि वाळूवर आडव्या विटा, म्हणजे पुढे कोणी आळे खणले, तर कुदळ आधी विटेला लागेल. झडपेच्या आत जलरोधक जोडपेटी आणि ६ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) ठेवावा. गॅसच्या जुन्या नळीतून वायर नेण्याचा मोह टाळावा. तिच्या आत गंजाचे दातरे असतात. नळी तशीच राहू द्या आणि शेजारून लवचीक पीव्हीसी पाइपातून वायर चढवा.

घरात मुले आहेत म्हणून मी आणखी एक पर्याय सुचवतो. ट्रान्सफॉर्मर घरातच ठेवून खांबापर्यंत फक्त १२ व्होल्ट न्यावेत. १० वॉटच्या एलईडीला १२ व्होल्टवर एक अँपिअरही लागत नाही आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये २० मीटर अंतराला पाव व्होल्टच घट येते. ट्रान्सफॉर्मर मात्र दोन्ही बाजू पूर्ण विलग असलेला, सुरक्षा दर्जाचा हवा. मी माझ्या घरी हेच केले असते.

दिवा २७०० केल्विनचा, ८ ते १० वॉटचा पुरे. कंदिलाच्या माथ्याची छिद्रे बुजवू नका. ती गॅसच्या धगीसाठी होती, आता एलईडीच्या ड्रायव्हरला थंड ठेवतील. फक्त आतून बारीक जाळी लावा, नाहीतर पहिल्याच पावसात पंखवाले किडे काचेच्या तळाशी बोटभर साठतात.

कृष्णाकाठची

१२ व्होल्टचाच मार्ग स्वीकारत आहोत. सासऱ्यांनाही तो पटला. खांबाला अर्थिंग मात्र तरीही करून घेऊ, कारण पुढे कोणी २३० व्होल्ट जोडणार नाही याची हमी कोण देणार? चिरेसाठी स्टिचिंग करणाऱ्या कारागिराशी बोलणे झाले असून तो येत्या आठवड्यात पाहायला येणार आहे. पाया दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण ओसरल्यावर खणू.

रंगारी बुवांनी सांगितल्याप्रमाणे रुपयाएवढी जागा घासून पाहिली. चंदेरी, राखाडी, पुन्हा चंदेरी, गडद हिरवा, तपकिरी, आणि शेंदरीच्या लगेच वर एक मळकट, शेवाळासारखा हिरवा. सासरे ते पाहून म्हणाले, की त्यांनी खांब विकत घेतला तो चंदेरी रंगामुळे. त्यामुळे शेवाळी हिरवा लावायचा की चंदेरी, हा वाद आता आमच्या घरात सुरू आहे आणि त्यात मी पडणार नाही.

बुंध्याचे कडे ओल्या ब्रशने घासले, तेव्हा इंग्रजी अक्षरांची एक ओळ निघाली. पहिला शब्द झिजून गेला आहे, दुसरा स्पष्ट वाचता येतो: ग्लासगो.